पुढे आलेले दात आणि मुलाचे जेवण

‘तोंड मिटून जेव’ असे मुलाला चारचौघांत बजावण्यापूर्वी त्याचे ओठ मुळात सहज मिटतात का, हे पाहावे. मूल चित्र काढण्यात गुंग असताना, त्याच्या नकळत पाहिले तर ते लगेच कळते. वरचे दात पुढे आलेले असतील तर वरचा ओठ त्यांच्यावर पुरत नाही आणि ओठ मिटायला सांगितले की हनुवटीवर ताण येऊन सुरकुत्या पडतात. मचमच आवाज, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळणारा रस्सा, ताटाबाहेर सांडणारी शिते यांना आपण वळण नसणे म्हणतो. पण बऱ्याचदा त्यामागे हीच अडचण असते. नाक सतत चोंदत असेल तर तोंड मिटून चावणे आणखी कठीण होते, म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी अडचण घास तोडण्याची. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटर पुढे असणे स्वाभाविक आहे. हे अंतर बरेच वाढले की कात्रीची पाती एकमेकांना न भिडावीत तशी गत होते. मग मूल मान वाकडी करून बाजूच्या दातांनी पेरू तोडते, नाहीतर घास ओढून काढते. अशा मुलासाठी कणसाचे दाणे सोडवून द्यावेत, पेरूच्या फोडी कराव्यात, मटण हाडावरून सोडवून बारीक करावे आणि भाकरी तांबड्या रश्श्यात कुस्करून द्यावी. पांढरा रस्सा वाटी तोंडाला लावून पिण्यापेक्षा चमच्याने पिणे त्याला सोपे जाते. ऊस दातांनी सोलून खाण्याची गंमत कोल्हापूरच्या मुलाला सांगायला नको, तरीही त्याला करवेच द्यावेत.

शिस्त लावायची ती घरच्या रोजच्या जेवणात, पंगतीत नव्हे. घास लहान घ्यावा, तो गिळल्यावरच बोलावे आणि अधूनमधून ओठ रुमालाने टिपावेत, एवढे पुरे. पंगतीत त्याला चिडवणाऱ्या भावंडांशेजारी न बसवता आज्जीजवळ बसवावे आणि आठवण द्यायची झाल्यास ती आधी ठरवलेल्या खुणेने द्यावी.

सहा ते आठ या वयात येणारे कायमचे पुढचे दात मोठे व फटी असलेले दिसतात. यातील पुष्कळ फटी सुळे आल्यावर बुजतात. तरीही सातव्या वर्षाच्या सुमारास दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, एकदा दाखवावे. चौथ्या वर्षानंतरही अंगठा चोखण्याची सवय असेल तर त्याआधीच दाखवावे. तारा बसवल्यावर चिक्की, फुटाणे आणि उसाचे करवेही बंद ठेवावे लागतात, आणि प्रत्येक जेवणानंतर तारांत अडकलेले कण ब्रशने काढावे लागतात.