परदेशात वाढलेल्या पोराला फॅशन डिझायनर व्हायचंय? मग हे वाचा

आधीच सांगते ही गाईड कुणासाठी आहे. आईबाबा देश सोडून अमेरिकेत नाहीतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, पोर तिथेच जन्मलं किंवा लहानपणी तिथे आलं, आणि आता कॉलेजचे फॉर्म भरायच्या वेळी म्हणतंय की मला कपडे डिझाइन करायचेत. मग घरात जे व्हायचं ते होतं. आपल्याच घरात होतं असं समजू नका, बाहेरून आलेल्या सगळ्यांच्याच घरात होतं. व्हेरा वँगचे आईवडील चीनमधून न्यूयॉर्कला आलेले, पैसा भरपूर, तरी पोरगी डिझाइन शिकायचं म्हणाल्यावर वडिलांनी फी द्यायला नकार दिला, मग ती व्होग मासिकात नोकरीला लागली, तिथे पंधरा-सोळा वर्षं काढली, नंतर दोन वर्षं राल्फ लॉरेन या डिझायनरकडे, आणि चाळिशीत स्वतःच्या लग्नाला मनासारखा ड्रेस मिळेना तेव्हा कुठे १९९० मध्ये नवरीच्या कपड्यांचं दुकान काढलं. त्याला पैसे कोणी दिले? त्याच वडिलांनी! पण मधल्या काळात ती रुसून बसली नव्हती, रोज कपड्यांतच काम करत होती, हे लक्षात घे.

तर सुरुवात कुठून करायची. स्केचबुक बाजूला ठेव आणि शिवायला शीक. सगळे चित्रं काढत बसतात, लांब पायांच्या बायका आणि वाऱ्यावर उडणारे घोळ, आणि मग विचारलं की हा घोळ कमरेला कसा जोडलाय तर गप्प. ओझवाल्ड बोटेंगचे आईवडील घानाहून लंडनला आलेले, हा कॉलेजात कम्प्युटर शिकत होता, मैत्रिणीने शिवणकाम दाखवलं आणि आईच्या जुन्या मशीनवर याने सुरुवात केली, आणि १९९५ मध्ये वयाच्या २८व्या वर्षी सॅव्हिल रोच्या त्या खानदानी शिंप्यांच्या गल्लीत स्वतःचं दुकान. जेसन वू नऊ वर्षांचा असताना तैपेईहून व्हँकुव्हरला आला, बाहुल्यांचे कपडे शिवत शिकला, सोळाव्या वर्षी एका बाहुल्यांच्या कंपनीसाठी डिझाइन करायला लागला आणि त्याच कमाईतून पुढे स्वतःचा ब्रँड काढला. २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीच्या रात्री मिशेल ओबामांनी जो पांढरा एका खांद्याचा गाऊन घातला होता तो याचा, तेव्हा हा २६ वर्षांचा.

तुझ्या घरात बाहुल्या नसतील पण आईचा एखादा जुना ब्लाउज नक्की असेल, जो आता होत नाही आणि टाकवतही नाही. विचारून घे आणि उसव. साडीचा ब्लाउज मुद्दाम सांगतेय, कारण एवढ्याशा कपड्यात टक्स, मुंढा, बाही, गळा, अस्तर, हुकपट्टी सगळं येतं आणि तो अंगाला घट्ट बसावा लागतो, त्यामुळे अर्धा सेंटीमीटर चुकला तरी दिसतं. उसवलेले तुकडे इस्त्री करून कागदावर उतरव, शिलाईची रेघ वेगळी आख, दबाव (शिलाईबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) वेगळा ठेव, मग साध्या मांजरपाटावर कापून शीव आणि कुणाला तरी घालून बघ. कुठे ओढतंय? सुरकुत्या ज्या जागेकडून निघतात तिथे बहुतेक वेळा कापड कमी पडतंय, तिथे उसवून जागा दे, परत टाच, परत बघ, आणि जमलं की तो फरक कागदावर घे. मग तोच पॅटर्न उरेब कापून बघ, म्हणजे धाग्याला ४५ अंशात, आणि तेच कापड वेगळंच का वागायला लागलं ते डोळ्यांनी बघ. हे पाच-सहा वेळा केलंस की कॉलेजात पहिल्या वर्षाला जे शिकवतात त्यातलं बरंच हातात बसलेलं असेल. आणि हो, प्रत्येक फेरीचा फोटो काढ, चुकलेल्याचाही. पोर्टफोलिओत नुसता शेवटचा सुंदर फोटो टाकणारे खूप असतात, तू तिथपर्यंत कसा पोचलास हे बघायचं असतं त्यांना.

आता कॉलेज. न्यूयॉर्कमध्ये पार्सन्स आणि एफआयटी (फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), लंडनमध्ये सेंट्रल सेंट मार्टिन्स, रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, वेस्टमिन्स्टर ही नावं सारखी कानावर पडतील. नावाला भुलू नका, फी बघा. एफआयटी हे सरकारी, न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटीचा भाग आहे, त्यामुळे त्या राज्याच्या रहिवाशांना फी बरीच कमी पडते, आणि तिथे आधी दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेऊन मग पुढे जायचं का ते ठरवता येतं. घरच्यांना पटवायला हे फार कामाला येतं, कारण चार वर्षांचा जुगार म्हटलं की बाबा घाबरतात, दोन वर्षं म्हटलं की निदान ऐकून तरी घेतात.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी व्हिसाचं थोडं बोलते, कारण फॅशनवरच्या लेखांत हे कोणी लिहीतच नाही. मूल तिथे जन्मलं असेल तर ते नागरिक, प्रश्न मिटला, हा पॅरा सोड. पण आईबाबांच्या एच-वनबीवर (नोकरीचा व्हिसा) एच-फोरने (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेलं मूल असेल तर त्याला नोकरी करता येत नाही, म्हणजे पगारी इंटर्नशिपही नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो. तोपर्यंत ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुतेक जण एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) वर जातात, आणि दोन्हींत केंद्र सरकारची शिक्षण मदत मिळत नाही. डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायचे, १२ महिने मिळतात, पण कॉम्प्युटरवाल्या पोरांना वर जे २४ महिने वाढवून मिळतात ते फॅशन डिझाइनच्या डिग्रीला नाहीत कारण ती स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसत नाही. गंमत म्हणजे एच-वनबीच्या कायद्यात फॅशन मॉडेलसाठी वेगळी सोय आहे, त्या मॉडेलला कपडे करून देणाऱ्या डिझायनरचं नावही नाही! म्हणून अकरावी-बारावीतच इमिग्रेशन वकिलाला गाठून तारखांचा हिशोब मांडा, ॲडमिशन झाल्यावर नको.

यानंतर येतं दुसऱ्याच्या हाताखाली काम करणं, आणि माझं स्पष्ट मत आहे की खरं शिक्षण हेच. एक साखळीच बघ ना. केल्विन क्लाइनचे वडील हंगेरीहून आलेले. त्याच्याकडे काही वर्षं काम केलं नार्सिसो रॉड्रिगेझने, ज्याचे आईवडील क्यूबाहून न्यू जर्सीत आलेले. आणि त्या रॉड्रिगेझकडे इंटर्नशिप केली वर सांगितलेल्या जेसन वूने. पीटर डो चौदाव्या वर्षी व्हिएतनामहून फिलाडेल्फियाला आला, एफआयटीत शिकला, २०१४ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच लक्झरी कंपनीचं पदवीधरांसाठीचं बक्षीस मिळालं, मग पॅरिसला सेलीन या ब्रँडमध्ये काम, परत येऊन डेरेक लॅमकडे, आणि २०१८ ला स्वतःचा ब्रँड. बक्षीस हातात असून चार वर्षं दुसऱ्यांकडे राबला! इन्स्टाग्रामवर लोगो टाकून फाउंडर म्हणवून घ्यायची घाई आहे ना, त्यांनी हे दोनदा वाचा.

इंटर्नशिपला गेलास की कॉफी आणायला लावतील, आण, पण रिकामा वेळ मिळाला की सॅम्पल रूममध्ये, म्हणजे नमुन्याचे कपडे शिवतात तिथे, जाऊन बस. तिथे पॅटर्न कापणारे, सॅम्पल शिवणारे लोक बऱ्याचदा स्वतःच कुठून तरी आलेले असतात, तुझ्या आईबाबांच्या वयाचे, इंग्रजी अडखळत बोलणारे, आणि डिझायनरच्या चित्रातलं काय शिवता येणार नाही हे त्यांना एका नजरेत कळतं. त्यांच्याशी नीट वाग, नाव घेऊन बोल, बाही बसवताना बघू का असं विचार. न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवर गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये शिलाई मशीनवर वाकून बसलेल्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे, ज्यूडिथ वेलर या शिल्पकार बाईंनी १९८४ मध्ये आपल्या वडिलांवरून केलेला. त्या भागात गेलास तर जरूर बघ, मोठ्या डिझायनरांच्या नावाच्या पाट्या तिथल्याच फुटपाथवर आहेत पण मला तो पुतळा जास्त आवडतो.

स्वतःचं सुरू करायची वेळ आली की एकच वस्तू घे. पूर्ण कलेक्शन नाही, एक वस्तू. राल्फ लॉरेनचे आईवडील बेलारूसमधून ब्राँक्सला आलेले ज्यू, वडील घरांना रंग द्यायचे, मुलगा कुठल्याच फॅशन कॉलेजात गेला नाही, त्याने १९६७ मध्ये नुसते टाय काढले. बाजारात अरुंद टाय चालत होते, याने रुंद केले. ब्लूमिंगडेल्सने सांगितलं थोडे अरुंद कर आणि लेबल आमचं लाव, हा नाही म्हणाला, काही महिन्यांनी त्यांनीच याच्या अटीवर घेतले. केल्विन क्लाइनने १९६८ मध्ये मित्राचे १०,००० डॉलर घेऊन सुरुवात केली ती मुख्यतः कोटांवर. एका वस्तूचा फायदा म्हणजे कापड एकाच प्रकारचं लागतं, पॅटर्न एकच सुधारत राहतो, आणि दुकानदाराच्या डोक्यात तुझं नाव आणि ती वस्तू एकत्र बसते.

पैशाचं गणित आता, कारण चांगले चांगले इथे बुडतात. सप्टेंबरच्या शोमध्ये दाखवतात ते पुढच्या उन्हाळ्याचे कपडे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला ऑर्डर येते, ती बघून तू कापड घेतोस (त्याचे पैसे लगेच), फॅक्टरीला ॲडव्हान्स देतोस (तोही लगेच), माल जातो नव्या वर्षाच्या सुरुवातीला, आणि दुकान पैसे देतं माल मिळाल्यावर ३० दिवसांनी, कधी ६० दिवसांनी, कधी आठवण करून करून. तोवर फेब्रुवारीचा शो आलेला असतो आणि त्याचा खर्चही तुझ्याच खिशातून. त्यामुळे मोठी ऑर्डर आली की आनंदाने नाचण्याआधी हा माल बनवायला पैसे आहेत का हे बघ, नसतील तर कमी घे, सरळ सांग एवढेच नग जमतील. किंमत ठरवताना कापड, शिलाई, बटणं, लेबल, वाहतूक सगळं धरून जो खर्च येतो त्याच्या दुपटीच्या खाली घाऊक भाव ठेवू नको, कारण दुकान त्यावर परत दुप्पट-अडीचपट लावणार. ग्राहकाला तो आकडा परवडत नसेल तर डिझाइन बदल, एखादी शिवण कमी कर, स्वतःचा नफा कापू नको. घरात कुणी अकाउंट्सवाले काका असतील, आणि आपल्या घरात एक तरी असतातच, तर त्यांना रविवारी बसव आणि ही शीट करून घे.

आता तो प्रश्न जो प्रत्येकाला विचारला जातो, तुझ्या कामात इंडिया कुठे आहे? सोपा रस्ता म्हणजे कोयरी छापायची, पैठणीचा काठ जॅकेटला लावायचा आणि हेरिटेज म्हणायचं. एकदा चालतं, दुसऱ्यांदा लोक कंटाळतात. सुप्रिया लेलेचं काम शोधून बघ (आडनाव ऐकून कान टवकारले ना?), इंग्लंडमध्ये वाढलेली, रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली, तिच्या पारदर्शक कापडात आणि गुंडाळण्यात साडीची चाल स्पष्ट दिसते पण साडी कुठेच नसते, सोबत १९९०च्या दशकातला साधेपणा. प्रिया अहलुवालिया लंडनची, घर अर्धं भारतीय अर्धं नायजेरियन, तिने लागोसमध्ये आणि पानिपतमध्ये जुन्या कपड्यांचे ढीग कसे येऊन पडतात ते जाऊन पाहिलं, फोटो काढले आणि उरलेल्या-टाकलेल्या कापडातूनच पुरुषांचे कपडे करायला लागली. दोघीही २०२० च्या एलव्हीएमएच प्राइझच्या आठ फायनलिस्टमध्ये होत्या, त्या वर्षी कोविडमुळे अंतिम फेरी झाली नाही आणि ३ लाख युरोचं बक्षीस आठही जणांत वाटलं गेलं. तू पण असंच कर, घरातल्या कपड्याची नक्षी न उचलता तो कसा बनतो, कसा बांधतात, जुना झाला की त्याचं काय होतं ते उचल. नऊवारीत न शिवता पाय मोकळे कसे राहतात यावर एक अख्खं वर्ष काम करता येईल. या स्पर्धेला अर्ज करायचा तर वय १८ ते ४० आणि निदान दोन कलेक्शन तयार लागतात, तोवर लंडनमध्ये फॅशन ईस्ट नवीन लोकांना शोसाठी हात देतं, अमेरिकेत सीएफडीए या डिझायनरांच्या संघटनेचा व्होगसोबतचा फंड आहे.

राहिलं नाव. आपली नावं लोकांना उच्चारता येत नाहीत म्हणून बदलायची का, तर तुझी मर्जी, लॉरेन मूळचा लिफशिट्झ, आणि बिभू मोहपात्राने राउरकेलाहून आणलेलं नाव जसंच्या तसं लेबलवर ठेवलंय. मात्र स्वतःचं नाव ब्रँडला देणार असशील तर ट्रेडमार्क कुणाच्या मालकीचा राहणार हे गुंतवणूकदाराचा पहिला चेक घ्यायच्या आधी ठरव. हॉल्स्टन या अमेरिकन डिझायनरने १९७३ मध्ये कंपनीबरोबर नावही विकलं आणि पुढे त्याला स्वतःच्याच नावाने कपडे काढता येईनात. मुंबईचा नईम खान अमेरिकेत गेल्यावर याच हॉल्स्टनच्या हाताखाली शिकला, आणि स्वतःचं लेबल त्याने २००३ मध्ये काढलं, म्हणजे किती सावकाश ते बघ. तर करारात ट्रेडमार्कचा मालक कोण, तू कंपनी सोडलीस तर तुझं नाव दुसरीकडे वापरता येईल का, आणि तुझं नाव वापरायचे परवाने दुसऱ्यांना देताना तुझी सही लागेल का, या तीन ओळी शोध, सापडल्या नाहीत तर घालून घे, आणि वकील बाबांच्या ओळखीचा घरं-जमिनीवाला नको, ट्रेडमार्कचं काम करणारा बघ.