पांढरीवरचा पहिला हंगाम

आमच्या शेतात लहानपणी खापऱ्या सापडायच्या. तांबड्या, काळपट, एखादीवर रेघा. लगोरीला एक नंबर. शेत तापीकाठचं, कपाशीचं, माती काळीभोर; तिच्यात खापऱ्या आल्या कुठून, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. त्या ट्रॉलीतून यायच्या. दर उन्हाळ्यात गावाशेजारच्या टेकाडाची पांढरी माती खणून शेतात खत म्हणून टाकायची, उरलेली घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर पसरायची, ही आमच्याकडची रीतच. शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, हे आजोबा सांगायचे. राख, शेण, पडक्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या मुरून ती माती तशी झालेली असते, हे मला एम.ए.ला पुरातत्त्व घेतल्यावर कळलं. म्हणजे जुनं गावच आम्ही थोडं थोडं करून कपाशीला घालत होतो.

या विषयात येऊ बघणारी खान्देशातली मुलं मला विचारतात, की खरं काम इकडे कुठे, पुण्याला जावं लागेल ना? शिकायला जावं लागेलच. डेक्कन कॉलेज तिथेच आहे. पण खोदलेल्या जागा बघायच्या तर त्या घराजवळ आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे बी. के. थापरांनी १९५४-५५ मध्ये खोदलं. गिरणाकाठचं बहाळ त्याच दशकातलं, म. न. देशपांड्यांचं. तापीवरच्या सावळद्याच्या नावाने तर एक अख्खी ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातली) संस्कृती ओळखली जाते, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. चाळीसगावजवळच्या पाटण्याला एस. ए. साळींना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा नक्षी कोरलेला तुकडा मिळाला, तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. खान्देशात शहामृग! मला अजून मजा वाटते.

आता कामाचं. माझा पहिला हंगाम नदीकाठच्या एका टेकाडावर झाला. आधी खुंट्या ठोकून, सुतळी ताणून ५ बाय ५ मीटरचे चौकोन आखतात. कडेने पाव पाव मीटर सोडून आत ४.५ मीटरच खोदायचं, म्हणजे दोन खड्ड्यांमध्ये अर्ध्या मीटरचा बांध उरतो. नवख्याला वाटतं, एवढी जागा वाया का घालवायची? पण थर दिसतात ते त्या बांधाच्या उभ्या कापात. कुदळ वरवरच्या मातीपुरती. पुढे खुरपी आणि ब्रश. थरांचे आकडे वरून खाली जातात, सगळ्यात वरचा पहिला. नवा थर कशावरून ओळखायचा, तर मातीचा रंग, घट्टपणा, त्यातली राख किंवा खडे. ठरावीक सेंटिमीटर झाले म्हणून थर बदलत नाही.

इथेच मी आपटलो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या खड्ड्यात खुरपी चालवणाऱ्या आक्का एका कोपऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आठे माटी मऊ लागी ऱ्हायनी." मी वहीत मान घातलेली. म्हटलं, खोदा हो आक्का, उंदराचं बीळ असेल. संध्याकाळी त्या थराच्या पिशवीत ताम्रपाषाणयुगातल्या, जोर्वे पद्धतीच्या खापऱ्या निघाल्या: तांबड्या, काळ्या रेघांच्या, टिचकी मारली की खणकन वाजणाऱ्या. आणि त्यांच्यातच काचेच्या बांगडीचा तुकडा. सरांनी तो बोटात धरून एवढंच विचारलं, "ही कुठून आली?" सकाळच्या तिरप्या उन्हात कापावर पाणी शिंपडलं तेव्हा उत्तर समोर होतं. फार नंतरच्या कुणीतरी वरच्या थरातून खड्डा घेतला होता, तो थेट माझ्या थरात उतरला होता, आणि मी दोन्ही माती एकत्र उपसली होती. ती अख्खी पिशवी ‘मिश्र’ म्हणून बाजूला गेली.

तेव्हापासून नियम एकच: माती मऊ लागली की हात थांबवायचा. खड्ड्याची कड खुरपीच्या टोकाने आखून घ्यायची, त्याला वेगळा नंबर द्यायचा, कुठल्या थराखाली त्याचं तोंड झाकलंय ते लिहायचं, आणि आधी त्यातली माती काढायची, मग थर. खड्डा नंतरचा असतो म्हणून तो आधी रिकामा होतो, हे उलटंपालटं गणित अंगवळणी पडायला मला दुसरा हंगाम लागला. घुशींची बिळं असतातच. शिवाय आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा मणी खाली घरंगळायला तेवढं पुरतं. एकट्या मण्यावरून काळ ठरवू नका.

दुपारनंतर खापऱ्या धुवायच्या, वाळवायच्या आणि प्रत्येकीवर शाईने जागेचं नाव, वर्ष, खड्डा, थर लिहायचं. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण खापरी ओळखायची नजर तिथेच तयार होते. कोळशाचा नमुना मात्र उघड्या हाताने उचलायचा नाही आणि त्याच्या आसपास विडी-सिगारेट नको, कारण त्याच्यावरून कार्बन-१४ ने काळ काढायचा असतो.

गावकरी रोज विचारणार, "हंडा निघना का?" चिडू नका, खड्ड्यात बोलवून दाखवा.

नोकऱ्या थोड्या आहेत आणि जाहिराती वाट बघायला लावतात; घरी हे आधीच सांगून ठेवा. आणि हौसेने टेकाड उकरायला जाऊ नका, उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. परवानगी न लागणारं एक काम आहे. पहिला पाऊस पडून गेला की आपल्या गावच्या पांढरीवर चक्कर मारा. खापऱ्या धुतल्यासारख्या वर आलेल्या असतात. उचलू नका, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा. आमच्या टेकाडाची पूर्वेची बाजू ट्रॉल्यांनी सरळ कापली गेली आहे. त्या कापात राखेचे तीन पट्टे दिसतात, आणि मधल्या पट्ट्यात एक चूल.