रोज एक चित्र: चॅलेंजमध्ये उतरण्याआधी

जुलै आला की जलरंगांचा वर्ल्ड वॉटरकलर मंथ, ऑक्टोबर आला की शाईच्या चित्रांचं इंकटोबर: महिनाभर रोज एक चित्र काढायची ही चॅलेंज. यंदा पहिल्यांदाच उतरणार असाल तर आधीच सांगते, इथे हातापेक्षा तयारीचा कस लागतो. नवखी मंडळी पहिल्याच आठवड्यात गळतात, ती चित्र जमत नाही म्हणून नव्हे. रात्री जेवणं आटोपून कागद पुढ्यात घ्यायचा आणि मग ‘आज काय काढू’ यातच अर्धा तास घालवायचा, त्याने माणूस थकतो.

म्हणून ठरवायचं ते आधीच ठरवून ठेवा. २२ बाय ३० इंची, ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) जलरंगाचा कागद आणा. चारदा निम्मा केला की साडेपाच बाय साडेसातचे १६ तुकडे होतात. दोन कागदांत महिना भागतो, वर एक तुकडा रंग तपासायला उरतो. आकार लहान म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या ड्वेन काइजर या चित्रकाराने २००४च्या डिसेंबरमध्ये रोज एक पोस्टकार्डाएवढं तैलचित्र करायला घेतलं, ती चित्रं ऑनलाइन लिलावात विकली, आणि त्याचं बघून कितीतरी जण या वाटेला लागले. इंकटोबरही चित्रकार जेक पार्करने २००९मध्ये स्वतःचा शाईचा हात सुधारावा म्हणूनच सुरू केलं होतं.

जलरंग तीन पुरे: अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक पिवळा. पहिल्या दोघांतून राखाडीच्या हव्या तेवढ्या छटा निघतात, घट्ट कालवलं तर जवळजवळ काळा मिळतो. काळी ट्यूब महिनाभर कपाटातच राहू द्या.

विषयांची यादी बहुतेक चॅलेंजमध्ये मिळते. ती पाळलीच पाहिजे असं मला वाटत नाही. ‘ड्रॅगन’ असा शब्द आला की आपण फोनवर फोटो शोधतो आणि त्याचीच नक्कल करतो. त्यापेक्षा घरातला स्टीलचा पेला खिडकीपाशी ठेवा आणि आठवडाभर तोच काढा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आपण पेल्याच्या एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू गडद होणारी छाया दिली, मार्कही मिळाले. स्टील तसं दिसतच नाही. नीट बघा: खिडकीचा उजेड म्हणजे उभा पांढरा पट्टा, त्याला अगदी खेटून जवळजवळ काळा पट्टा, आणि दोघांची कड सुरीने कापल्यासारखी. तळाशी टेबलाचा तांबूस रंग चढलेला असतो. पांढरा पट्टा म्हणजे कोरा सोडलेला कागद, तिथे ब्रश न्यायचाच नाही. गडद पट्टा शेजारचा रंग पूर्ण वाळल्यावर, एकाच फटक्यात. दुसऱ्यांदा ब्रश फिरवलात की चकाकी गेली, पेला अ‍ॅल्युमिनियमचा झाला!

जुलैत करणार असाल तर पावसाचा हिशेब धरा. कोकणात, मुंबईत वॉश, म्हणजे पाणी घालून पसरलेला पातळ रंग, लवकर वाळत नाही. अर्धवट ओल्या भागावर भरलेला ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उठतात. हेअर ड्रायर जवळ असू द्या, पण कागदावरची ओली चकाकी गेल्यावरच लावा, नाहीतर रंग हवेने पळतो. पॅलेट ओलं असताना झाकण लावू नका, दोन दिवसांत बुरशी येते. कागद प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून कपाटात ठेवा. दमट कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग वर धरून ठेवणारी खळ, गेलं की टीपकागदावर टाकल्यासारखा रंग आत मुरतो, आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

एखादा दिवस चुकणारच. घरी पाहुणे येतात, मुलाला ताप येतो. दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढून भरपाई करू नका. तशी चित्रं उरकलेली दिसतात आणि तिसऱ्या दिवशी बसायचा कंटाळा येतो.

रोजचं चित्र फोटो काढून टाकायचं असेल तर जरूर टाका, पण लाइक्सवरून उद्याचा विषय ठरवू नका. सूर्यास्ताला नेहमीच जास्त मिळतात. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, वापरलेले रंग आणि कागदाचा प्रकार लिहून ठेवा. पुढेमागे कोणी ‘हेच जरा मोठं करून द्याल का’ असं विचारतं, तेव्हा ती राखाडी नेमकी कशी कालवली होती ते आठवत नसतं. चित्र विकायचं झालं तर भाव आकारावर ठरवा, लागलेल्या वेळावर नको. वीस मिनिटांत झालेलं चित्रच बऱ्याचदा आधी विकलं जातं.