जुनी टू-स्ट्रोक गाडी: शर्यतीसाठी बांधावी की घाटासाठी राखावी?

निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात आजही अनेक घरांच्या पडवीत एखादी यामाहा आरएक्स १०० उभी दिसते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेली ही ९८ सीसीची, ११ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत तेलही जाळणाऱ्या इंजिनाची गाडी वडिलांकडून किंवा काकांकडून मुलाकडे येते, आणि तो ती मेस्त्रीकडे नेऊन बहुधा एकच मागणी करतो: गाडी पळाली पाहिजे आणि रोज वापरताही आली पाहिजे. या मागणीचे दोन भाग एकाच इंजिनात मावत नाहीत, म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी त्यांतला एक निवडावा लागतो.

कारण उष्णतेचे आहे. ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरची शर्यत ४०२ मीटरची असते आणि चांगली बांधलेली गाडी ती वीस सेकंदांच्या आत संपवते, त्यामुळे पिस्टनचा माथा धोक्याच्या तापमानाला पोहोचण्याआधीच थ्रॉटल मिटलेला असतो. तेच इंजिन दाणोलीहून आंबोलीकडे चढू लागले की पंधरा-वीस मिनिटे सलग ओढत राहते, वेग कमी असल्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांवर वाराही पुरेसा येत नाही, आणि शर्यतीत कधीच न दिसलेली उणीव तिसऱ्या-चौथ्या वळणावर दिसू लागते.

निवड कोणतीही असो, पहिले काम एकच आहे, ते म्हणजे गाडी मूळ स्थितीत ठणठणीत करणे. तीस वर्षांच्या इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक झालेले असतात आणि त्यांतून आत शिरणारी हवा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा सगळा हिशेब बिघडवते. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देताची इंजिनची गती, कधी वर, कधी खाली होत असेल किंवा थ्रॉटल मिटल्यावर आवाज खाली यायला वेळ लागत असेल, तर पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हात लावण्याआधी सील आणि कार्बोरेटर व ब्लॉक (सिलिंडर) यांच्यामधला रबरी जोड तपासावा. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून मोठ्या टोकाला ढिलाई जाणवली, तर क्रँक पुन्हा बांधून घ्यावा. हा खर्च टाळून केलेले पोर्टिंग (सिलिंडरमधल्या मिश्रण व धुराच्या वाटा, म्हणजे पोर्ट, कोरणे) म्हणजे भेगा पडलेल्या भिंतीला दिलेला रंग होय.

ब्लॉक रिबोअर करायचा, म्हणजे आतून कोरून थोडा मोठा करायचा असल्यास बेळगावकरांना लांब जावे लागत नाही. उद्यमबागेत अचूक काम करणारी मशीन शॉप आहेत, आणि फौंड्री व मशीनिंग ही या शहराची जुनी ओळख आहे. मात्र पिस्टन आधी विकत घ्यावा, तो मोजून द्यावा आणि त्याच्या मापावर बोअर करून घ्यावा, कारण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजली जाते. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडून घेतल्या आहेत ना, हे बोट फिरवून पाहावे. धारदार कड रिंग तोडते. पुढे पहिले पाचशे किलोमीटर रन-इनचे, म्हणजे नवे भाग एकमेकांशी जुळू देण्याचे. त्या काळात मित्राला चक्कर मारायला गाडी देऊ नये.

शर्यतीची वाट निवडली असेल, तर बदलांचा क्रम महत्त्वाचा आहे. एग्झॉस्ट पोर्ट वर सरकवला की ताकद वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) जाते आणि खालची ओढ कमी होते. एक्स्पान्शन चेंबरचे, म्हणजे शंकूसारख्या फुगीर एग्झॉस्ट नळीचे कामही याच जातीचे आहे. शंकूच्या भिंतीवरून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटलेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पण ही लाट ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच वेळेवर पोहोचते. त्या पट्ट्याखाली गाडी नेहमीपेक्षाही मंद वाटते, म्हणून खडेबाजारच्या गर्दीत चालक क्लच घासत राहतो आणि प्लेटा जळतात. हेड (सिलिंडरचे झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवणे हा सर्वांत स्वस्त बदल आहे, आणि माझ्या मते रस्त्यावरच्या गाडीसाठी सर्वांत वाईटही, कारण घाटात कमी आरपीएमला भार पडताच इंजिन ठोकू लागते. उलट मागचे स्प्रॉकेट दोन-तीन दातांनी वाढवणे हा निरुपद्रवी उपाय आहे. पिकअप वाढतो, टॉप स्पीड थोडा घटतो आणि आवडले नाही तर तासाभरात मूळ स्थिती परत येते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत तारखेसह लिहावा.

जेटविषयी, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण इथला भूगोल त्यात लक्ष घालतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ आहे. इथे नेमका जुळवलेला मेन जेट चोर्ला घाट उतरून साखळीला पोहोचताच लहान पडतो, कारण हवा दाट होते आणि तिच्या मानाने पेट्रोल कमी पडते. माझ्या गाडीला २४ मिलिमीटरचा कार्बोरेटर आणि चेंबर होता, जेट मच्छेच्या रस्त्यावर प्लगचा रंग पाहून ठरवलेला, सुंदर फिका तपकिरी, म्हणजे मिश्रण योग्य. डिसेंबरच्या थंडीत जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरलो, खाली सपाटीवर पूर्ण थ्रॉटल दिला आणि चौथ्या किलोमीटरला पिस्टन अडकून मागचे चाक अचानक जाम झाले. क्लच वेळेवर ओढला गेला म्हणून पडलो नाही. प्लग काढला तर खडूसारखा पांढरा होता, आणि ब्लॉक उघडल्यावर पिस्टनवर एग्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले. तेव्हापासून गोव्याला जाताना मी एक नंबर मोठा जेट घालूनच निघतो. घाटावर गाडी किंचित धूर सोडते, तेवढा सोसावा.

घाट उतरण्याचीही एक पद्धत आहे. मूळ गाडीत ऑइल पंप असतो आणि तो इंजिनची गती व थ्रॉटल या दोन्हींनुसार तेल देतो. शर्यतवाले तो काढून टाकतात आणि लिटरमागे ३० ते ४० मिलिलिटर तेल थेट पेट्रोलमध्ये मिसळतात. अशा गाडीत थ्रॉटल मिटून खालच्या गिअरवर लांब उतार उतरला, तर इंजिन वेगाने फिरत असते पण पेट्रोल जात नसल्याने तेलही जात नाही. दर काही क्षणांनी थ्रॉटल थोडा उघडावा. रोजच्या गाडीचा पंप काढूच नये.

जेट लहान पडण्याच्या त्रासात पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलनेही भर घातली आहे, कारण त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. चिकोडी-अथणीकडचा ऊस असा फिरून आपल्याच कार्बोरेटरमध्ये येतो, याची गंमत वाटते, पण फ्लोट बोलचे (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचे) गॅस्केट आणि पेट्रोलचा पाइप फुगलेला दिसला की ती गंमत राहत नाही. हे रबर दरवर्षी पाहावे. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून खानापूरच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बोल रिकामा करावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे शर्यतीची गाडी टेम्पोत घालून मान्यताप्राप्त स्पर्धेला न्यावी आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्री तिची परीक्षा घेऊ नये. तिथे उसाचे ट्रॅक्टर दिव्यांविना चालतात, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा चेंबर लावलेली गाडी परत पाठवली जाते.

म्हणूनच मूळ ब्लॉक, कार्बोरेटर आणि सायलेन्सर भंगारात देऊ नयेत. मेस्त्रीने जुने सामान घेऊन बिलात सूट देऊ केली तरी नाही. ब्लॉकला आतून टू-स्ट्रोक तेलाचा हात फिरवून तो सुती कापडात गुंडाळावा, कार्बोरेटरमधले जेट वेगळ्या डबीत ठेवून त्यांचे नंबर झाकणावर लिहावेत आणि सगळे माळ्यावर, ओल पोहोचणार नाही अशा बाजूला, लाकडी पेटीत ठेवावे.