माडीचा कुजलेला लाकडी सज्जा दुरुस्त करताना

भिंतीत रोवलेल्या कड्या, म्हणजे फळ्या पेलणारी आडवी लाकडे, पुढच्या बाजूला खांबांवर टेकलेली तुळई, वर आडव्या फळ्या आणि कमरेएवढा कठडा, एवढाच लाकडी सज्ज्याचा संसार असतो. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जुन्या माडीच्या घरांना तो असतोच, आणि अलीकडे जांबोटी-चोर्ला रस्त्यालगतच्या शेतघरांपुढे जे लाकडी डेक दिसू लागले आहेत, तेही जमिनीलगत उतरवलेले सज्जेच आहेत. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी १२०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मलप्रभेच्या उगमाजवळच्या कणकुंबीत तो त्याच्या कितीतरी पट असतो, तर पूर्वेकडच्या अथणीत जेमतेम निम्मा. त्यामुळे एकाच जिल्ह्यात लाकडाचे आयुष्य गावागणिक बदलते. लाकूड कुजण्याची रीत मात्र सगळीकडे सारखीच आहे, आणि ती समजून न घेता केलेली दुरुस्ती दोन-चार पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही.

लाकूड केवळ जुने झाले म्हणून कुजत नाही. ते कुजवते ती बुरशी, आणि लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून कमी राहिला, तर ती वाढू शकत नाही. पावसात भिजलेली फळी वाऱ्याने लवकर सुकली तर तिचे फारसे बिघडत नाही; कुजते ती आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट न मिळालेली फळी. आमच्या घरी सज्ज्याच्या फटींतून खालच्या पडवीत पाणी गळते, म्हणून आम्ही फळ्यांवर सिमेंटचा थर घालून फरशी बसवून घेतली होती. चौथ्या पावसाळ्यानंतर ती पायाखाली पोकळ वाजू लागली. उचकटून पाहिले तेव्हा खालचे सागवान तपकिरी पडून त्याला चौकोनी भेगा गेल्या होत्या आणि त्याचे तुकडे बोटांनी चुरडत होते. टोकाची एक फळी फरशी न पुरल्यामुळे उघडीच राहिली होती. ती मात्र ठणठणीत होती. यात गवंड्याचा दोष नव्हता, कारण फरशी घाला असे सांगणारे आम्हीच होतो.

हे काम दिवाळी उरकल्यावर हाती घ्यावे आणि होळीच्या आगेमागे संपवावे. पाऊस संपल्या संपल्या लाकूड उघडले तर ते ओलेच असते, आणि वैशाखात सुरू केलेले काम मृगाच्या तोंडावर अर्धवट राहते.

पहिली पाहणी दाभणाने करावी. दाभण खुपसून टोक तिरपे उचलले की निरोगी लाकडाची लांब, चिवट ढलपी निघते आणि तडकल्याचा आवाज येतो. कुजलेल्या लाकडाचा आखूड तुकडा दाभणाशीच तुटतो आणि आवाज येत नाही. वरून रंग चकचकीत दिसत असला तरी ही परीक्षा फसत नाही. ती पुढील जागी अवश्य करावी: कड्यांची भिंतीत शिरणारी टोके, फळी आणि कडी यांच्यामधली बैठक, खिळ्यांच्या भोवती, फळ्यांची आडवी कापलेली टोके, आणि खांबाचा तळाकडचा वीतभर भाग. ज्या फळीवर तुळशीची किंवा शेवंतीची कुंडी वर्षानुवर्षे एकाच जागी ठेवलेली असते, ती फळी आधी पाहावी. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे आणि तिचा बंदोबस्त जोत्याजवळच्या मातीपासून, परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावा. टाचणीएवढी भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर तो भुंगा आहे.

ओलावा मोजायला यंत्र नसले तरी अडत नाही. संशयित कडीतून लहानसा तुकडा काढून लगेच स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलावा, आणि मग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर, वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवावा. तुकडा ११५ ग्रॅमचा ९२ ग्रॅम झाला, तर गेलेले पाणी २३ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या पंचवीस टक्के. अशा लाकडावर रंग किंवा तेल लावणे म्हणजे ओलावा कोंडून ठेवणे होय.

लाकडाला हात लावण्यापूर्वी पाण्याची वाट शोधावी. कौलांच्या पागोळ्या थेट सज्ज्याच्या कडेवर पडत असतील तर पन्हळ बसवावी किंवा वळचण हातभर पुढे काढावी. फुटलेले कौल बदलावे. झडीसाठी बांधलेले निळे प्लास्टिक सज्ज्याच्या जमिनीला चिकटून राहणार नाही असे पाहावे. एवढे केल्यावर कधी कधी अर्धी दुरुस्ती तिथेच वाचते.

मग टेकू. सेंट्रिंगचे लोखंडी प्रॉप भाड्याने मिळतात. ते तुळईखाली, खांबांच्या शेजारी उभे करावेत आणि प्रत्येकाच्या पायाखाली दोन फूट लांबीची जाड फळी ठेवावी, नाही तर तो जमिनीत रुततो. बसलेली तुळई एका दिवसात सरळ करू नये. प्रॉप रोज एखादा मिलीमीटर वर घ्यावा, कारण घाई केली तर वरची कौले आणि भिंतीचा गिलावा तडकतो. छपराचे खांबही याच तुळईवर उभे असतील तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. फळ्या काढताना पाय ठेवायला चांगल्या कड्यांवर वेगळी फळी आडवी टाकावी. जुन्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. तो कोरडा घासू नये, पाणी मारून खरवडावा, आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो कडीच्या भिंतीतल्या टोकाला. आपल्याकडच्या भिंती बहुधा जांभ्या दगडाच्या किंवा मातीच्या, आणि दोन्ही पाणी धरून ठेवतात. लाकडाचे आडवे कापलेले टोक नळ्यांच्या जुडीसारखे असते. फळीच्या पाठीपेक्षा ते कितीतरी वेगाने पाणी ओढते. त्यातच कुणीतरी कधीतरी उंदीर शिरतात म्हणून कडीभोवतीची पोकळी सिमेंटने लिंपलेली असते. ते सिमेंट छिन्नीने अलगद काढावे. टोक कुजलेले असेल तर कुजकेपणा जिथे संपलेला दिसतो तिथून आणखी फूटभर चांगले लाकूडही कापून टाकावे, कारण डोळ्यांना दिसण्याच्या आधीच लाकडातले बळ गेलेले असते. नवी किंवा सांधलेली कडी बसवताना तिच्या टोकाखाली जांभा न ठेवता काळ्या दगडाची सपाट चीप आणि तिच्यावर डांबरी कागदाचा तुकडा ठेवावा. दोन्ही बाजूंना, वर आणि मागे बोटभर पोकळी वाऱ्यासाठी मोकळी सोडावी. उंदरांसाठी तोंडाशी बारीक जाळी पुरते.

कडीचा वरचा थर खिळ्यांच्या रांगेत मऊ झालेला असेल, पण कुजकेपणा उंचीच्या चौथ्या हिश्शापेक्षा खाली उतरला नसेल, तर तो पटाशीने काढून शेजारी तेवढ्याच उंचीची जोडकडी भिंतीपासून तुळईपर्यंत अखंड लांबीची लावावी आणि दोन्ही मिळून बारा मिलीमीटरच्या बोल्टांनी, सव्वा-दीड फुटांवर, एक वर एक खाली असे आवळावे. त्याहून खोल गेले असेल तर कडीच बदलावी. भेगा भरायला मिळणारे दोन भागांचे इपॉक्सी कठड्याच्या नक्षीला किंवा फळीतल्या गाठीच्या खळग्याला ठीक आहे; ज्या लाकडावर माणसाचा भार पडतो तिथे त्याच्यावर विसंबू नये, मग दुकानदार काहीही सांगो.

खांबांच्या बाबतीत जुने सुतार आपल्याहून शहाणे होते. त्यांनी खांब मातीत न पुरता दगडी उथळ्यावर, म्हणजे दगडाच्या बैठकीवर, उभा केला. नंतर कुणीतरी अंगणाला कोबा करताना उथळ्यासकट खांबाचा पाय सिमेंटमध्ये बुडवतो आणि त्या कॉलरमध्ये पाणी साठत राहते. अशा खांबाला खाली नवे लाकूड जोडता येते: सांधा अर्धोअर्ध पायरीचा, खांबाच्या जाडीच्या किमान तिप्पट लांबीचा आणि बोल्टांनी आवळलेला असावा. माझे मत विचाराल तर कुजलेला फूटभर भाग सरळ कापून तेवढ्याच उंचीचा काळा दगड खाली सरकवावा आणि मध्ये न गंजणारी खुंटी घालावी. काम कमी, आणि पाय कायमचा पाण्याबाहेर.

नवे लाकूड घेताना पैसा गाभ्यासाठी मोजावा. सालीलगतचे फिकट लाकूड सागवानाचे असले तरी लवकर कुजते आणि भुंग्यालाही तेच आवडते. ऐन, ज्याला कानडीत मत्ती म्हणतात, तो भक्कम असतो, पण चिरतो. कड्यांना चालतो, फळ्यांना नको. फणस चांगला. आंबा आणि प्रक्रिया न केलेले पाइन उघड्यावर वापरू नये. पाडलेल्या घरांचे जुने सागवान वखारीत मिळाले तर ते पुरते वाळलेले असल्यामुळे मी तेच पसंत करतो. फक्त रंधा मारण्यापूर्वी त्यातले मोडके खिळे चुंबकाने शोधावेत. स्वतःच्या शेतातले झाड तोडायचे असेल तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, आणि चंदगडहून राज्याची सीमा ओलांडून लाकूड आणायचे असेल तर वन खात्याच्या वाहतूक परवान्याचीही चौकशी करावी. वखारीची पावती जपून ठेवावी.

फळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी, विशेषतः टोकांना, औषध लावावे. एक लिटर गरम पाण्यात साठ ग्रॅम बोरॅक्स आणि चाळीस ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून उघड्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबावे. हे द्रावण बुरशी आणि कीड दोन्हींवर चालते, मात्र पावसाने धुऊन जाते, म्हणून लाकूड सुकल्यावर त्याच्यावर पाणी न शोषणारा लेप हवाच. हातमोजे घालावेत आणि अशा फळ्यांवर सांडगे-पापड थेट वाळत घालू नयेत. लाकूड-संरक्षणाच्या पद्धतींसाठी आयएस ४०१ हे भारतीय मानक आहे. प्रक्रिया केलेले लाकूड विकत घेणाऱ्याने दुकानदाराला त्याबद्दल विचारावे. कड्यांच्या खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचे काळे तेल लावण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पण ते कातडी भाजते. गॅरेजमधले जळके ऑइल मात्र नको: त्याने जमीन निसरडी होते, त्यावर पुढे कुठलाच लेप धरत नाही आणि कपड्यांचे डाग निघत नाहीत.

फळी एक इंच जाडीची असेल तर कड्यांमधले अंतर सोळा इंचांहून जास्त नसावे. प्रत्येक कडीच्या माथ्यावर कडीहून किंचित रुंद डांबरी पट्टी लावावी, कारण फळी आणि कडी यांच्यामध्ये अडकलेला पाण्याचा थेंबच खिळ्याच्या भोकातून आत उतरतो. दोन फळ्यांत दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, फट ठेवावी. मधे दोन सूत जाडीची लोखंडी पट्टी धरली की सगळ्या फटी सारख्या येतात. जमिनीला भिंतीपासून बाहेर फुटाला एक सूत उतार द्यावा. खिळे न वापरता अडीच इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आधी सामत्याने भोक पाडून, फळीच्या कडेपासून पाऊण इंच आत, प्रत्येक कडीवर दोन असे बसवावेत. साधे लोखंड ओल्या सागवानात काळे डाग पाडते आणि गंजून फुगले की फळी चिरते. खालच्या पडवीत पाणी नको असेल तर फरशीची चूक करण्याऐवजी कड्यांच्या चार इंच खाली उतरता पत्रा टांगावा: पाणी बाहेर जाते आणि कड्यांना वारा लागतो.

वरून व्हार्निशचा जाड पापुद्रा देऊ नये. तो उन्हाने तडकतो आणि पाणी खाली शिरून अडकते. उकळलेले जवसाचे तेल पातळ करून, जिरेल तेवढेच लावावे आणि वर राहिलेले पुसून घ्यावे. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

दरवर्षी मृगाआधी बांबूच्या कामटीने फटींतला कचरा काढावा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवाव्यात. पहिली मोठी सर येऊन गेली की चार तासांनी खडू घेऊन सज्ज्यावर जावे आणि जिथे फळी अजून काळपट ओली असेल तिथे खूण करून ठेवावी. पाऊस ओसरल्यावर दाभण घेऊन त्याच खुणांपाशी परत यायचे असते.