वजन जास्त आणि दमाही? या चुका टाळा

मी परळला एका चेस्ट क्लिनिकमध्ये पेशंटना पंप घ्यायला शिकवते, रोज त्याच त्याच चुका बघून जीव कळवळतो म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे 'वजनाचाच दम आहे, बारीक झालात की जाईल' असं न तपासता ठरवून टाकणं. लालबागच्या एक काकू, ९२ किलो, दादरचा पूल चढताना दोनदा थांबायच्या, पहाटे खोकत उठून बसायच्या, आणि दोन वर्षं सगळे त्यांना भात सोडा भात सोडा एवढंच सांगत राहिले, शेवटी जुलैत एका रात्री वाक्य पूर्ण करता येईना म्हणून टॅक्सीत घालून कॅज्युअल्टीला नेलं, त्यानंतर कुठे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकायची टेस्ट झाली. औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात सुटणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलीपेक्षा जास्त वाढली, म्हणजे दमाच. जिन्यावरची धाप वजनाची असू शकते, पण पहाटेची ढास, छातीतली शिट्टी, पावसात वाढणारा त्रास असं ऐकलं की मी तरी आधी फुंकायची टेस्ट करायला सांगते. उलटंही होतं बरं का, एकाचे पंप वाढवतच नेले होते आणि खरा त्रास निघाला घोरण्याचा, स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा.

दुसरी चूक, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणणं. याचा मला खरंच राग येतो. दोन दिवसांत मोकळं वाटतं, मग भूक वाढते, वजन वाढतं, शुगर वाढते, वजन वाढलं की दमा अजून हाताबाहेर, की परत गोळ्या. ॲटॅकमध्ये डॉक्टरने दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्स वेगळा, तो पूर्ण करायचाच. आणि हेच लोक पंपातल्या स्टेरॉइडला घाबरतात! गोळी मिलिग्रॅममध्ये असते, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये, तोही थेट फुप्फुसात. वजन जास्त असेल तर तो जरा कमी लागू पडतो हे खरं, पण म्हणून बंद करायचा नाही, मुख्य औषध तेच आहे.

नुसत्या साल्ब्युटामॉलवर, म्हणजे लगेच मोकळं करणाऱ्या पंपावर दिवस काढू नका, २०१९ पासून जागतिक गाइडलाइनही हेच सांगते.

रोटाकॅप, म्हणजे पावडरची कॅप्सूल, जोरात ओढायची, दाबायचा पंप हळू. घाई करणारे नेमकं उलटं करतात. मी सगळ्यांना दाबायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी नळी, घ्यायलाच लावते, मग दहा सेकंद श्वास धरायचा, शेवटी गुळणी.

शेवटची लोकल पकडून घरी येऊन जेवून लगेच आडवं होऊ नका, ॲसिड वर आलं की खोकला येतोच.

महिन्यात दहा किलोवाल्या पावडरींच्या मागे लागू नका, ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी दम्यात फरक पडतो, काकूंना सात किलोंना सहा महिने लागले आणि तोवर पंप एक दिवसही चुकवला नाही. चालायला जाताना साल्ब्युटामॉल खिशात ठेवा, सुरुवातीची दहा मिनिटं हळू.

आणि दाखवायला येताना फाइलसोबत रोज वापरता तो पंपही आणा, संपला असला तरी.