पाट्याचे रबरी बुश बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी घ्या

घोडबंदर रोडचे खड्डे खाऊन जुन्या पिकअपचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) कुरकुरायला लागले की त्यांच्या टोकांतले नवे बुश, म्हणजे रबरी नळकांडी, टाकावेच लागतात. पण ते डोळ्यात, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या गोल भोकात, सरळ जात नाहीत, मग हातोडी चालते आणि नव्या बुशची कड फाटते.

१. जुना बुश काढल्यावर पाट्याच्या डोळ्यातला गंज पॉलिश पेपरने घासून काढा. बोटाला खरखर लागली की पुन्हा घासा. अर्धी मेहनत इथेच वाचते.

२. भांड्याचा लिक्विड साबण थोड्या पाण्यात कालवा आणि बुशला बाहेरून चोपडा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. (गॅरेजवाला हसेल, हसू द्या.) बुश पॉलियुरेथेनचे असतील तर मात्र सिलिकॉन ग्रीस लावा.

३. हातोडीऐवजी लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि पलीकडे बुशपेक्षा मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा. नट आवळत जा, बुश सरळ आत सरकतो.

४. पाटा गाडीला धरणारे बोल्ट आधी नुसते हाताने लावा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, पूर्ण वजन पडल्यावरच. चाकं लटकती असताना आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. चासीखाली स्टँड लावा, तोही पक्क्या जमिनीवर. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक खचतात.